ड्रायरमधला आवाज आणि आजोबांची मूठ

मी कॉलेजसाठी रोह्याला आत्याकडे राहते. आमचं गाव कासूजवळ. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून आत्याच्या घरात काही अडलं की सगळे माझ्याकडे बघतात. गॅसचं बुकिंग असो की गोळ्यांच्या पाकिटावरचं इंग्रजी. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण वर्गात मी साधी शंकासुद्धा विचारत नाही, हे त्यांना माहीत नाही.

गेल्या श्रावणात आत्याचा ड्रायर वाजायला लागला.

हा ड्रायर म्हणजे वॉशिंग मशीनमधला पिळायचा डबा नव्हे. गरम हवेवर कपडे वाळवणारं हे वेगळं यंत्र. शेजारच्या चाचींचा मुलगा दुबईला असतो. त्याने आईला नवा घेऊन दिला, तेव्हा चाचींनी जुना आमच्या पडवीत आणून ठेवला. "आमचे कपडे उद्या वाळले तरी चालतील," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं पेशंट हाय."

पेशंट म्हणजे आत्याचे सासरे. मी त्यांना आजोबाच म्हणते, आत्या बाबा म्हणते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दिवसाला त्यांच्या तीन-चार चादरी बदलाव्या लागतात. आदल्या वर्षी पावसात ओलसर चादरींवर पडून त्यांच्या पाठीला जखम झाली होती. ती भरायला दिवाळी उजाडली. त्यामुळे आत्यासाठी ड्रायर ही चैन नव्हती.

आवाज आला तेव्हा मी आधी मशीन बंद करून आतलं पिंप हाताने फिरवून पाहिलं. काहीच वाजलं नाही. चालू केलं की मात्र मागच्या बाजूने खडखड सुरू व्हायची. पेणच्या एका मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मी दोन रेकॉर्डिंग पाठवली, एक सुरुवातीचं आणि एक दहा मिनिटांनंतरचं. कारण सुरुवातीला आवाज दबका यायचा आणि मशीन तापलं की खणखणीत व्हायचा. मी वहीत लिहिलं होतं, "उष्णतेने धातूचं प्रसरण?" प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं होतं.

"मोटर वाटते," मेकॅनिक म्हणाला. "आता चालवू नका. जळली तर हिचा पार्ट मिळायचा नाय. पाऊस उघडला की येतो."

पाऊस उघडेना. तीन दिवस आत्या चादरींवर इस्त्री फिरवत होती. तिसऱ्या दिवशी अंग पुसताना तिला आजोबांच्या पाठीवर लाल चट्टा दिसला. तिने खाटेवरची चादर ओढून ओल आहे का म्हणून गालाला लावून पाहिली.

त्या दुपारी आजोबांच्या खाटेशी बसून मी ती रेकॉर्डिंग पुन्हा ऐकत होते. आजोबांनी डावा हात उचलला, मूठ वळली आणि कानाजवळ नेऊन हलवायला लागले.

"नको म्हणतायत," आत्या म्हणाली. "बंद कर गो, त्यांना त्रास होतो."

मी बंद केलं. आजोबांनी खाटेवर हात आपटला आणि पुन्हा मूठ कानाशी नेली. मी पुन्हा लावलं. पहिल्या रेकॉर्डिंगला त्यांनी मान नकारार्थी हलवली. दुसरं, खणखणीत वाजणारं लागलं, तेव्हा मूठ उघडली आणि होकार दिला, जणू काम झालं.

आत्या हातातली चादर घेऊन तशीच खाली बसली.

"वाल," ती म्हणाली.

"काय?"

"वाल काढायच्या वेळंला बाबा असंच करायचे. शेंगा मुठीत घ्यायच्या, कानाशी हलवायच्या. ओला वाल वाजत नाय. वाळला की वाजतो." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुझ्या आईनं पाठवलेल्या वालांनी ओल धरली होती. ऊन कुठाय? म्हणून पिशवीत बांधून ड्रायरमधी घातले. चादरीसंगं नाय गो, वेगळे. कमी गरमवर."

"मग?"

"गाठ सुटली. सगळे वेचले म्हणून वाटलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला कसं सांगू? कॉलेजातली तू. म्हणशील, आत्या येडी हाय."

आत्या मला घाबरत होती, हे मला त्या दिवशी कळलं. ते वाल गावाहून मीच आणले होते.

मी प्लग काढला. मागचे स्क्रू काढताना प्रत्येकाचा फोटो घेतला आणि ते ओळीने ताटात मांडले. पत्रा निघाला तेव्हा आत राखाडी बोळ्यांसारखी चादरींची लव साठली होती. पंख्याचं झाकण सोडवलं आणि ताटात टपटप वाल पडले. सात. कडक, चकचकीत. लव अडवणारी जाळी साफ करायला काढली की तिच्याखालची फट उघडी पडते, तिथूनच ते आत गेले असावेत. ड्रायर चालू झाला की ओल धरलेले वाल दबके वाजत, गरम हवेवर वाळले की खणखणीत. प्रसरण-बिसरण काही नव्हतं.

आठवा वाल तळाला होता, ओलसर लवेत. तीन दिवस मशीन बंद होतं, तेवढ्यात त्याला मोड आला होता. पांढरा, नखाएवढा. इतक्या उष्णतेतून गेलेला तो दाणा काळोखात, पत्र्याच्या पोटात, गुपचूप उगवला होता. मी तो बोटावर घेतला आणि उजेडात धरला. आत्यासुद्धा वाकून बघत राहिली. "बग," एवढंच म्हणाली, तेही हळू.

सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला. फोटो बघत बघत त्याचीही जागा सापडली. मशीन सुरू केलं. आता नुसती घुरघुर येत होती, आणि दहा मिनिटांनंतरही तशीच.

पहिली चादर बाहेर आली ती गरम होती. आत्याने आणि मी आजोबांना कुशीवर वळवून ती त्यांच्याखाली सारली. त्यांनी डोळे मिटले, तसा मी मोड आलेला वाल त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला. डोळे न उघडताच त्यांनी अंगठ्याने तो चाचपला. सवयीने मूठ कानाशी नेली, एकदा हलवली. तो वाजला नाही. आजोबांचा चेहरा डाव्या बाजूने हसला.

पाठीवरचा चट्टा फिका पडेपर्यंत मी रोज चादर घालण्याआधी गालाला लावून पाहत होते, आत्यासारखी.