पहिल्या धारेचा मान

त्या वर्षी महाशिवरात्रीला मी मार्कंड्याच्या जत्रेला गेलो नाही. आरमोरीहून आमच्या मंडळींच्या बैलगाड्या जुंपल्या, बायकोनं शिदोरी बांधली, आणि मी मात्र मालकाच्या मोटारीचं चाक उघडून अंगणात बसून राहिलो. जायचंच नव्हतं मला. माझ्या धाकट्या बहिणीची, यमुनेची, दोन बाळं लागोपाठ जन्मताच गेली होती. दोन्ही वेळा मी वैनगंगेत बुडी मारून मार्कंडदेवाच्या पिंडीवर डोकं टेकवून आलो होतो. ज्या देवानं प्रत्यक्ष यमाला परत धाडून एका पोराला वाचवलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, त्याला माझ्या बहिणीचंच घर सापडू नये, याचा मला संताप आला होता. आता ती तिसऱ्यांदा पोटुशी होती आणि मी देवाशी बोलणं टाकलं होतं.

आरमोरीच्या एका धानाच्या व्यापाऱ्याची मोटार मी चालवत असे. लढाईच्या आधीची गाडी, तिचा ड्रायव्हर मीच आणि मिस्त्रीही मीच. नागपूरला एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकलो होतो, त्यामुळे इंजिनाची मला भीती नव्हती. स्वभाव मात्र तापट. त्यात दारूचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं, कारण आमचा बाप दारूनंच गेला. त्याला अग्नी देऊन आल्यावर मी मार्कंड्याला शपथ घेतली होती की दारूला हातसुद्धा लावणार नाही. कुणाच्या तोंडाला वास आला तर मी त्याला गाडीतून उतरवून देत असे, मग तो मालकाचा पाहुणा का असेना.

यमुनेचा नवरा जंगल खात्यात नाकेदार होता, कोरचीकडच्या एका जंगलगावात. मोह गळायचे दिवस होते. तिकडून निरोप आला की बाळ पोटात आडवं आहे, सुईण म्हणते हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या. मालकानं एक शब्द न विचारता गाडी दिली, त्याचं हे मन मी कधी विसरणार नाही. मी पोचलो तेव्हा नवरा जंगलातली आग विझवायला गेलेला, त्याच्यामागे निरोप धाडलेला. यमुनेला मागच्या सीटवर निजवलं. तिची सासू सोबत निघाली, काखेत गाठोडं, आणि गाठोड्यात एरंडेलाची मोठी बाटली.

"बाई, आपण दवाखान्यात चाललो, घाण्यावर नाई," मी म्हणालो.

"असू दे गा भाऊ. बाळंतिणीजवळ एरंडेल पाहिजेच," म्हातारी म्हणाली आणि बाटली मांडीवर घेऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसत होती ती, पण थाट असा की जसं काही रोजचंच आहे.

बेडगावचा घाट उतरायला लागलो आणि दुसऱ्या वळणावर ब्रेकवरचा माझा पाय नेहमीपेक्षा खोल गेला. ब्रेक लागला, पण उशिरा. पुढच्या वळणावर दोनदा दाबावं लागलं. त्याच्या पुढं पाय सरळ गाडीच्या तळाला टेकला आणि गाडी आपली धावतच राहिली. हातब्रेक नावापुरता होता. मी कसाबसा पहिला गिअर टाकला, दातांवर दात घासल्याचा आवाज झाला, वेग थोडा मोडला. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला डोंगर.

"दादा, गाडी काऊन एवढी पळवून राह्यला?" मागून यमुना कण्हत म्हणाली.

"उतार हाये, बाई," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? मला त्या क्षणी देवाचं नाव घ्यायचं होतं, आणि इतके दिवस अबोला धरल्यावर ते ओठावर येईना. तेवढ्यात डोंगराच्या अंगाला एक गाडीवाट दिसली, वर चढत जाणारी. मी चाक वळवलं. गाडी चढावर गेली, धापा टाकत मंदावली आणि थांबली. आता ती मागं घरंगळणार, तोच म्हातारी दार उघडून खाली उतरली आणि भलामोठा धोंडा लोटत आणून तिनं मागच्या चाकाला लावला, बैलगाडीला लावतात तसा. मी तिच्याकडं बघतच राहिलो.

खाली वाकून पाहिलं तर मागचं डावं चाक आतून ओलंचिंब. चाक काढून आतला ब्रेकचा डबा उघडला. ब्रेकचं तेल ज्या रबराच्या आधारानं दाब धरतं ते रबर फाटलं होतं, आणि सगळं तेल घाटभर सांडलं होतं. नवं रबर जवळ नव्हतं. पण त्या एका चाकाकडं जाणारी तांब्याची नळी दुमडून ठोकून बंद केली तर बाकीच्या तीन चाकांचे ब्रेक चालू शकत होते. ते मला येत होतं. प्रश्न तेलाचा होता. उस्तादाचे शब्द कानात होते, ब्रेकच्या नळीत इंजिनचं तेल घालशील तर रबर फुगून मरशील. हे तेल म्हणजे एरंडेल आणि कडक स्पिरिट. एरंडेल म्हातारीच्या मांडीवर होतं. मी मघाशी त्याच बाटलीची थट्टा केली होती. पण त्या जंगलात स्पिरिट कुठून आणायचं?

वाटेच्या टोकाला गोंडांची दहा-बारा घरं होती. आवाज ऐकून माणसं आली, आणि बायांनी काही न विचारता यमुनेला सावलीत बाजेवर घेतलं, पाणी पाजलं. त्यांच्यात गावदेवाचा पुजारी होता, भुमक म्हणतात त्याला. पांढऱ्या केसांचा, हळू बोलणारा. हवेत ताज्या मोहाच्या दारूचा वास होता. ज्या वासानं माझं पित्त खवळायचं, त्याच वासाकडं मी आशेनं बघत होतो. स्पिरिट नाही, पण पहिल्या धारेची दारू असेल तर ती पेट घेते, म्हणजे काम होईल.

मी हात जोडून मागितली. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"पहिल्या धारेची हाये," भुमक म्हणाला. "पण ते देवाची हाये. उद्या नवा मोह देवाले चढते. त्याच्या पयले कोनी चाखत नाई. आमी बी नाई."

मीही शपथेचाच माणूस. देवाचं म्हणून बाजूला ठेवलेलं मागू नये, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी मान खाली घालून गाडीकडं वळलो. मागं बाजेवर यमुना ओरडली. तो आवाज मी आधी दोनदा ऐकला होता.

भुमकानं तिच्याकडं पाहिलं. मग तो झाडाखालच्या देवाच्या दगडांपुढं जाऊन बसला. गोंडीत काहीतरी बोलला, घरच्या वडीलधाऱ्या माणसाला सांगावं तसं, साधं. पळसाच्या पानातून थोडी धार जमिनीवर सोडली, आणि दारूचा तुंबा दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं धरला.

"सांगतलं त्याले," तो म्हणाला. "पोरगी आपल्या दारी आली हाये, म्हटलं. मान तुयाच हाये, पण तू आज तिच्या गाडीत बस."

मी तुंबा हातात घेतला. शपथ मोडली की पाळली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगतो, आजही कळत नाही. थेंबभर वाटेवरच्या एका दगडावर टाकून काडी लावली, निळी ज्योत उठली. फाटक्या रबराच्या चाकाची नळी दुमडून ठोकली, चाक परत बसवलं, एरंडेलात ती दारू मिसळली आणि ब्रेकच्या टाकीत ओतली. आता नळ्यांतली हवा काढायची होती. मी गाडीखाली निजून एकेका चाकाचा बोल्ट सैल करायचा आणि वर कुणीतरी पाय दाबायचा. म्हातारी लुगडं खोचून माझ्या सीटवर बसली.

"दाबा बाई. धरून ठेवा. आता सोडा."

"सुनेचे पाय दाबायचे दिवस आले म्हनायचे," ती वरून म्हणाली आणि दाबत राहिली. एकदाही चुकली नाही ती. बुडबुडे येईनासे झाले तसा तिचा पाय अर्ध्यावरच थांबला. "भाऊ, आता खाली जात नाई गा," ती म्हणाली. मी गाडीखाली पडल्या पडल्या डोळे मिटले, आणि इतक्या दिवसांनी माझ्या तोंडून महादेवाचं नाव आलं.

उरलेला घाट मी पहिल्या गिअरात उतरलो. प्रत्येक वळणावर पाय ठेवायचा आणि खाली जमीन लागावी तसा पायाला आधार लागायचा. गाडीभर मोहाचा वास. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाक मुरडून विचारलं, कोण पिऊन आलंय? म्हातारीनं गाडीकडं बोट दाखवलं. "ते पेली," ती म्हणाली.

डॉक्टरांनी यमुनेला आत नेलं. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. दिवस मावळायच्या आधी आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी होती. म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि मी लहान मुलासारखा रडलो.

पुढं गाडीला नवं रबर, नवं तेल घातलं. त्या गावी जाऊन भुमकाला म्हणालो, बाबा, तुमच्या देवाचा मान मी नेला, आता काय करू? तो हसला. "देवानं पेली ना. परत कायले देतं?"

मार्कंड्याला मी पुन्हा जाऊ लागलो, पण आता काही मागत नाही. देवाला मी घर सापडत नाही म्हणून बोल लावला होता. तो तर म्हातारीच्या गाठोड्यात आमच्याबरोबर निघाला होता, आणि पुढं झाडाखाली माझ्यासाठी थांबला होता. आपण फक्त पाय ठेवायचा. खाली आधार आहे की नाही हे ठेवल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या वर्षी नव्या मोहाच्या दिवशी यमुना, तिची सासू आणि पोर यांना घेऊन मी त्या गावी गेलो. भुमकानं पहिली धार देवाला दिली. मग सगळ्यांना पानातून थोडी थोडी वाटत तो माझ्यापुढं आला आणि माझी शपथ आठवून थांबला. पोर माझ्या खांद्यावर झोपली होती. मी तिला सावरून एक हात मोकळा केला, तळवा पुढं धरला, त्यावर पडलेला थेंब डोळ्यांना लावला, आणि बाकीचा तिच्या टाळूवर.