बाबांसोबत रामटेकच्या पायऱ्या

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत बाबांनी पाय ठेवणं बंद केलं होतं. कंपवात झाल्यापासून त्यांचे पाय चालता चालता मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरा मशीनवर आयुष्य उभ्यानं काढलेला माणूस. शेजारीपाजारी पाहतात हे त्यांना सोसवेना. डॉक्टर सांगत होते, रोज चालवा, आणि घरातले सगळेच सोबत चाला. शेवटी माझी बायको वैशाली म्हणाली, जिथं कोणी ओळखत नाही तिथं जाऊ. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी, सहावीतल्या सानवीसकट आम्ही चौघं रामटेकला निघालो.

सकाळची एसटीची लालपरी धरली. कामठी, मनसर करत दीडेक तास लागतो. ज्येष्ठांना तिकिटात सवलत असते, आधार कार्ड विसरू नका. उतरल्यावर पोहे खाल्ले. बाबांनी तर्री घेतली नाही. हात थरथरला की ती सदऱ्यावर सांडते. तिथून ऑटोनं अंबाळा तलाव. भाडं आधीच ठरवून घ्या.

तलावाच्या बाजूनं गडावर जुन्या दगडी पायऱ्या जातात. थोड्या चढून परतायचं, असं मी मनाशी धरलं होतं. पण बाबा चढत राहिले. सपाटीवर अडणारे पाय इथं अडत नव्हते. समोर पायरीची कड दिसली की पाऊल उचललं जायचं. असं पुष्कळांचं होतं, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं. पुढे सानवी, बाजूला मी, मागे वैशाली. एकाला दम लागला की सगळेच बसायचो. खाण्याची पिशवी मात्र उघडी ठेवू नका, वानरं टपलेली असतात.

वर मंदिराच्या सपाट फरशीवर आलो आणि बाबांचे पाय थिजले. मागे रविवारची गर्दी. कोणीतरी विचारलं, "काय झालं यांले?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार, तेवढ्यात बाबाच बोलले. "कंपवात आहे मले. पाय उचलून नाही राहिला. थांबा गा जरासे."

परक्या माणसाला हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. तो माणूस थांबला, त्याच्या मागचेही थांबले. सानवीनं आपलं पाऊल त्यांच्यापुढे आडवं ठेवलं. "आबा, हे ओलांडा." त्यांनी ओलांडलं. मग तिनं दुसरं ठेवलं. असे आम्ही गाभाऱ्यापर्यंत गेलो. वैशालीनं पदरानं डोळे पुसले. मला हात जोडायचं सुचलंच नाही.

उतरताना तोल जायची भीती, म्हणून दुसऱ्या बाजूच्या डांबरी रस्त्यानं ऑटोतून खाली आलो. घरात असं माणूस असेल तर तुम्हीही तेच करा.

आजार आहे तिथंच आहे, उलट गोळ्या वाढल्यात. पण संध्याकाळी आता चौघंही गल्लीत उतरतो. परवा शेजारच्या सुनंदाबाईंच्या फाटकाशी बाबा अडले. खुर्ची आणू का, असं बाईंनी आतून विचारलं.

"खुर्ची नको वं बाई," बाबा म्हणाले. "बसलो का उठनं होत नाही. तू बी चाल आमच्यासंग."

सुनंदाबाई चपला घालून बाहेर आल्या.