न दिलेली संमती

शशिकांत टिपणीस यांनी आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना कोण अभिमान! लंडनच्या हॅरो उपनगरातल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी वीणाताई दर गणपतीत त्यांना नाट्यगीत म्हणायची गळ घालत. हे त्यांना बसवून चहा-चिवडा देत, पुण्याच्या पावसाची चौकशी करत आणि निरोप देताना दारात म्हणत, बघू. अशी अकरा वर्षं गेली, गाणं काही झालं नाही. यांचा नकार फराळासकट मिळतो, असं बायको सुप्रभा चारचौघांत सांगायची.

आता अशा माणसाला नोकरी मिळावी ती कसली? तर दुसऱ्यांचा होकार तपासायची! लंडनच्या एका गॅस कंपनीत ते बसत. पॅसिफिकमधल्या एका बेटावर, डोंगराच्या पोटात, प्रचंड गॅस सापडला होता. डोंगर तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका कुळाचा. त्यांची गेलेली माणसं तिथंच पुरलेली. कुळाच्या संमतीशिवाय एक खड्डा खणायचा नाही, असा करार. तिथल्या मीटिंगांचे मिनिट्स लंडनला येत आणि शशिकांतराव ते वाचून 'संमती आहे' या शेवटच्या बॉक्समध्ये टिक करत. बावीस वर्षांत त्यांना कुठं विरोध आढळला नव्हता. त्यांना वाटे, आपल्या कामातच काहीतरी जादू आहे.

या कुळाच्या तीन मीटिंगा झाल्या. तिन्ही वेळा तिथल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजींनी कंपनीच्या माणसांना कंद भाजून वाढले, पावसापाण्याचं विचारलं आणि निघताना सांगितलं, यंदाचे कंद निघू देत, मग बोलू. शशिकांतरावांनी नोंद केली: वातावरण खेळीमेळीचं, हरकत नाही. शुक्रवारी रिपोर्ट वर जाणार होता आणि सोमवारी यंत्रं डोंगरावर.

बुधवारी ते घरी आले तर मंडळाचा छापील कार्यक्रम येऊन पडलेला. तिसऱ्या नंबरावर नाट्यगीत, गायक शशिकांत टिपणीस. ते असे भडकले की बूट न काढताच फोन लावला. वीणाताई शांतपणे म्हणाल्या, अहो, अकरा वर्षांत तुम्ही एकदा तरी नाही म्हणालात का?

"अहो, बसवून चहा दिला, बघू म्हणालो, त्यातच आलं ना सगळं! आणखी किती फोडून सांगायचं माणसानं?"

एवढं बोलले आणि फोन खाली ठेवला. त्यांना ते कंद आठवले. तीनदा वाढलेले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. या शहाण्याला शब्द पुरले नाहीत, छापील कागद लागला. स्वतःच्या घरात रोज चालणारी रीत त्यांना मिनिट्समध्ये ओळखू आली नव्हती. त्यांना लाज वाटली. सुप्रभाला वाटलं, गाण्याचं टेन्शन आलं.

गुरुवारी त्यांनी टिक खोडली आणि लिहिलं, संमती नाही. मॅनेजर हेलननं विचारलं, नवीन काय कळलं? नवीन काहीच नाही, म्हणाले, सगळं माझ्याच फाइलमध्ये होतं, मीच बैलासारखा पुढे गेलो. ती म्हणाली, उद्यापर्यंत वाक्य थोडं मवाळ करता येईल का? शशिकांतराव उठले, तिला चहा हवा का विचारलं, किटलीपर्यंत गेलेसुद्धा. मग तिथूनच मागे वळले.

"नाही," ते म्हणाले. "जमणार नाही."

आणि चहा न करताच जागेवर येऊन बसले. रिपोर्ट तसाच वर गेला आणि यंत्रं बंदरातच थांबली. पुढचं कुणाला ठाऊक? निदान सोमवार टळला.

शुक्रवारी परतीच्या ट्रेनमध्ये कंपनीच्या बेटावरच्या ऑफिसरची मेल आली. लंडनला तुमचं म्हणणं कळलं, असं त्यानं आजींना सांगितलं होतं. त्यावर त्या खूप हसल्या म्हणे, आणि एक प्रश्न लिहून घ्यायला लावला: "आम्ही तीनदा नाही म्हणालो. तुमच्या त्या साहेबाच्या घरी 'नाही' कसं म्हणतात?"

फिंचली रोडपासून वेम्बली पार्कपर्यंत शशिकांतरावांनी तीन लांबलचक उत्तरं लिहिली आणि तिन्ही पुसली. हॅरोला उतरताना एकच ओळ पाठवली.

"अगदी असंच. आधी खाऊ घालून."