चीफ ज्या घरी जेवले

“पाश्चात्त्यांना कुटुंब कुठलं!” हे वाक्य कानावर पडलं की चीफ हातातली बशी खाली ठेवायचे. सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यावर मराठी मंडळींची सहल असायची, साबुदाणेवडे अजून गरम असायचे आणि नुकताच पुण्याहून आलेला कुणीतरी छातीठोकपणे सांगत असायचा, की तिकडे मुलं कॉलेजात गेली की त्यांना घराबाहेर काढतात. चीफ सगळं ऐकून घ्यायचे. मग विचारायचे, “त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी जेवलात?” समोरचा हॉटेलांची नावं घ्यायला लागे. “घरी म्हणतोय मी,” चीफ म्हणायचे. पुढे तास-दीड तास त्यांचं भाषण व्हायचं आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आपली बशी घेऊन दुसऱ्या चटईवर जाऊन बसायच्या.

उमेदीची सगळी वर्षं चीफनी बोटींवर काढली, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून काकूंसकट सगळेच त्यांना चीफ म्हणत. वुडलँड्समधल्या त्यांच्या फ्लॅटची एक खोली मी भाड्याने घेतली होती. पीएचडीनंतरच्या पोस्टडॉकच्या पगारात तेवढंच बसत होतं. भाड्यात वादविवाद धरलेला आहे, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या सगळ्या मतांचं मूळ इटलीतल्या जिनोआच्या एका घरात होतं. तरुणपणी त्यांची बोट तिथे दुरुस्तीसाठी बरेच दिवस गोदीत अडकली होती. गोदीतला एक फोरमन त्यांना दर रविवारी घरी जेवायला न्यायचा. लांबलचक टेबल, एका टोकाला फोरमनची आई. तिने प्रार्थना म्हणून पाव मोडल्याशिवाय कुणी चमच्याला हात लावायचा नाही. नातवाने कोपर टेबलावर टेकवलं की ती त्यावर टिचकी मारायची. भांडणं तिथेच, सोयरिकी तिथेच, आजोबांची हत्यारं कुठल्या नातवाने घ्यायची हेही तिथेच ठरायचं. “त्यांचे कायदे, विद्यापीठं, चर्चं, ते सगळं वर डेकवर,” चीफ म्हणायचे. “खाली इंजिन रूममध्ये ती म्हातारी बसलीय. ती आहे म्हणून बोट चाललीय.”

मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. “मग त्यांच्याकडचे वृद्धाश्रम, घटस्फोट, एकेकटी राहणारी माणसं?” मी विचारायचे. यावर ते चिडत नसत, उदास होत. “तेच तर, डॉक्टरीणबाई. इंजिन दमलं की आधी दिवे मंद होतात. त्यांचे होतायत. आणि आपली माणसं टाळ्या वाजवतायत.” असं म्हणून ते खिडकीतून पलीकडे मलेशियात, जोहोरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग बघत बसायचे.

काकूंचं यावर एकच म्हणणं होतं आणि ते त्या भाजी निवडताना, मान वर न करता सांगायच्या. “त्या म्हातारीच्या सगळ्या नातवंडांची नावं पाठ आहेत यांना. निखिलच्या एका तरी टीचरचं नाव विचार.” निखिल त्यांचा मुलगा. तो शाळेत होता तेव्हा चीफ समुद्रावर. सुट्टीवर आले की त्याला शेजारी बसवून जिनोआच्या टेबलाच्या गोष्टी सांगायचे. कुटुंब म्हणजे काय हे पोराला कळावं, एवढाच हेतू. ते शिकवायला स्वतःचं घर समोर होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. काकूंच्या आलं होतं.

निखिलने नोकरी मुद्दाम इटलीत शोधली, लग्नही तिथल्याच मुलीशी केलं. मुलगी झाल्यावर एका दिवाळीला तिघं वुडलँड्सला आली. काकूंनी बारशासाठी पाळणा सजवायला घेतला, तेव्हा निखिल म्हणाला, “आई, नाव ठेवून झालंय. चर्चमध्ये. तिच्या तिकडच्या पणजीचं नाव आहे.”

“आणि मराठी?” चीफनी विचारलं.

“कोण बोलणार तिच्याशी? वन्स अ वीक, फोनवर? कॅनॉट, लाह,” तो इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. मग अगदी शांतपणे म्हणाला, “बाबा, फॅमिली कशी असते ते तुम्हीच सांगितलं ना, सगळं इटलीतलं. सो आय वेंट अँड गॉट वन.”

मला वाटलं चीफ उसळतील. ते म्हणाले, “बरोबर आहे.” चपला पायात सरकवल्या आणि कॉफी प्यायला म्हणून खाली हॉकर सेंटरच्या खाऊगाड्यांवर गेले. कॉफी घरात केलेली होती.

त्यानंतरच्या सहलीत कुणीतरी पुन्हा ते वाक्य टाकलं. मी सवयीने चीफकडे पाहिलं. ते वडा खात राहिले. मला इतकं वाईट वाटलं, की त्यांचा प्रश्न मीच त्या माणसाला विचारला आणि उगाच भांडण ओढवून घेतलं.

मी सिंगापूर सोडलं त्याआधीच्या रविवारी संध्याकाळी चीफ नेहमीप्रमाणे फोन समोर टेकवून जेवायला बसले होते. इटलीत तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ असते. पडद्यावर निखिलच्या सासरचं भरलेलं टेबल होतं. तिकडे प्रार्थना सुरू झाली तशी चीफनीही मान खाली घातली. काकू स्वयंपाकघरात पोळ्या करत होत्या. त्या या वेळी बाहेर यायच्या नाहीत. नात आता चांगली बोलू लागली होती. तिने चीफकडे बोट दाखवून बापाला इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. निखिल हसला, मग त्याचं हसू गेलं.

“काय म्हणते?” चीफनी विचारलं.

“काही नाही, बाबा. लहान आहे.”

“सांग.”

“विचारतेय, हे आजोबा नेहमी एकटे का जेवतात. त्यांच्या घरी माणसं नाहीत का?”

चीफनी हातातला घास ताटात ठेवला. “आहेत म्हणावं. तुमच्या टेबलावर बसलीयत.”

पोरगी उत्तरासाठी बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. निखिलने तिच्या ताटात आणखी थोडं वाढलं.