इंजिनवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांचं सगळं बोलणं उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांशी चालायचं. ते दातांचे डॉक्टर. पेशंटनं आ केला, गालात कापसाचे बोळे बसले, की ते रेल्वेवर सुरू व्हायचे. घाटात मागून दुसरं इंजिन का लावतात, बोगद्यात धूर कुठं जायचा, वळणावर रूळ एका बाजूनं उंच का असतो. पेशंट घशातून नुसता आवाज काढायचा. "बरोबर हाय तुमचं," असं म्हणून डॉक्टर पुढं सांगायला लागायचे. बीडमध्ये त्यांना सगळे इंजिनवाले डॉक्टर म्हणत.

मी लिंबागणेशची. बीडच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला आले आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिले. खाली रस्त्याच्या बाजूला दवाखाना, मागं डॉक्टर आणि त्यांच्या बायको, म्हणजे काकू, राहत. मधल्या खोलीत रेल्वे होती.

त्या खोलीत भिंतीला धरून कमरेएवढ्या उंचीवर प्लायवूड ठोकलेलं होतं आणि त्यावर नगरपासून परळीपर्यंतची अख्खी लाईन. तेव्हा खरी लाईन फक्त निवडणुकीच्या भाषणात होती. दातांचे साचे घ्यायच्या प्लास्टरचे डोंगर, रंगवलेल्या स्पंजची सीताफळीची झाडं, बीड स्टेशनात दोन फलाट, एक चहाची टपरी आणि मेणाचे बोटभर प्रवासी. "माणसं मेणाचीच बरी," काकू म्हणायच्या, "चहा मागत न्हाईत."

इंजिनं मुंबईहून मागवलेली असायची, पण बनावट परदेशी. डॉक्टरांना ती तशी चालायची नाहीत. बारीक करवतीनं ते इंजिनाचं नाक कापून टाकायचे, ड्रायव्हरची खोली कवळीच्या मसाल्यानं वाढवायचे, वेडेवाकडे दात ओढायच्या तारेचे कठडे लावायचे आणि वर आपल्याकडच्या डिझेल इंजिनाचा निळा रंग द्यायचे. एकदा एका शेतकऱ्यानं दाराच्या फटीतून त्यांना इंजिन कोरताना पाहिलं. खुर्चीत बसल्यावर त्यानं विचारलं, "डाक्टर, त्येच मशीन माझ्या तोंडात घालायलाव का?"

"न्हाई. इंजिनाचं येगळं हाय."

"कावून?"

"ते वरडत न्हाई. त्याला जुनं मशीन चालतं."

नवं इंजिन तयार झालं की मला खाली हाक यायची. "बाई, या. गाडी लागलीय." मी गेले की ते बटण हळू फिरवायचे. खरी गाडी झटक्यानं निघत नाही, आधी विचार करते, असं त्यांचं म्हणणं. गाडी बोगद्यात शिरली की ते बोलायचे थांबायचे आणि बाहेर आली की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचे.

डॉक्टरांचा हात थरथरायला लागला तो इंजिनावर नंबर घालताना. त्यांनी आकडा पुसला, परत काढला, परत पुसला. "ब्रश खराब आला," म्हणाले. मग महिन्याभरात दवाखान्यात एका बाईंची हिरडी कापली गेली. जखम किरकोळ होती, बाईंची काही तक्रार नव्हती. डॉक्टरांनी त्यांना टाका घालायला दुसऱ्या दवाखान्यात स्वतः रिक्षानं नेलं आणि परत येऊन आपल्या दवाखान्याची पाटी उतरवली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. हा आजार बरा होत नाही, वाढतच जातो, हेही स्पष्ट सांगितलं.

"आता इंजिनाला येळच येळ," ते मला म्हणाले. पण हात तेच होते.

त्यांना एक वाफेचं इंजिन करायचं होतं. लहानपणी वडिलांबरोबर आपल्या गावाहून, युसूफ वडगावहून, परळीला गेले असताना पाहिलेलं. चाकांना जोडणारे दांडे पितळेचे, त्यांचे स्क्रू मोहरीएवढे. चिमट्यातून स्क्रू पडायचा, ते शोधायचे, लावायला जायचे, परत पडायचा. एका दुपारी काकूंनी त्यांच्या हातातून चिमटा काढून घेतला. जन्मात त्या खोलीतल्या कशाला त्यांनी हात लावला नव्हता.

"सांगा कुठं लावायचा."

"डावीकडं. अजून जरा. दाबू नको."

दिवेलागणीला ते इंजिन रुळावर ठेवलं. दांडे फिरले, इंजिन वीतभर गेलं आणि आडवं झालं. काकूंनी उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. चाकं एका ओळीत बसलीच नव्हती, आणि ती बसवणारे हात आता घरात कुणाचेच नव्हते. "ऱ्हाऊ दे," डॉक्टर म्हणाले. "दिसायला चांगलं झालंय."

पुढं जेवायलाही भरवावं लागायला लागलं, तेव्हा पुण्याच्या मुलानं दोघांना न्यायचं ठरवलं. त्यानं आधी दोन शाळांना विचारलं, रेल्वे घेता का म्हणून. दोन्हीकडे जागा नव्हती. खोलीच्या दारातून ती अख्खी निघत नव्हती. शेवटी सुतार बोलावला. डॉक्टर खुर्चीत बसून त्याला सांगत होते, "बोगद्याच्या अलीकडं काप. तिथनं जोडता येतं." सुतारानं बिचाऱ्यानं सांगितल्याबरहुकूम कापलं. परत कुणी जोडणार नाही, हे त्याच्यासकट आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकू पदरानं प्लास्टरचा भुगा पुसत राहिल्या. तुकडे टेम्पोत घालून युसूफ वडगावला पुतण्याच्या गोठ्यात गेले.

त्यानंतर बीडला खरी गाडी आली. मी स्टेशनवर गेले होते. हार, ढोल, माणसांवर माणसं. मी पुण्याला फोन लावला, काकूंनी तो डॉक्टरांच्या कानाला धरला.

"डॉक्टर, गाडी आली. ऐकू येतंय का?"

जीभही आता जड झाली होती. अडखळत म्हणाले, "गर्दी लई हाय का?"

"हो."

"मग ठिवा फोन. काई कळंना."

दिवाळीनंतर ते गेले. शेवटी शेवटी गिळताही येत नव्हतं, काकू सांगत होत्या. मी पुण्याला भेटून आले. थोड्या दिवसांनी पुतण्याचा फोन आला. पावसाळ्यात गोठ्यात पाणी शिरलं होतं, डोंगर विरघळले होते, रूळ गंजले होते. "प्लायवूड तेवढं जाड हाय बाई. कोंबड्यांचं खुराडं करू का? काकूला इचारलं तर ती म्हनली, बाईंना इचार."

मी म्हटलं, "कर."

आठ दिवसांनी त्यानं खुराड्याचा फोटो पाठवला. काम नीटनेटकं होतं. काकूंना मी तो दाखवलेला नाही.