अक्काचा बांध

शाळेत आमचं जेवण रांधणारी अक्का कुणालाच चांगलं म्हणत नाही. फार झालं तर ‘व्हय’ म्हणते, तेही नाक मुरडून.

गॅदरिंगसाठी मी भातलावणीचा नाच बसवत होते. तालमीत आम्ही आठजणी वाकून रोपं लावत पुढं निघालो, तशी अक्का हातातल्या डावासकट मध्ये शिरली.

“फुडं काय जाताय गे? लावल्यालं तुडवाय लागलाय की! म्हागं सरा!”

शेतकऱ्यांच्याच पोरी आम्ही. मुकाट्यानं नाच उलटा बसवला.

कार्यक्रमात मागं सरता सरता आम्ही पडद्याला टेकलो, पण गाणं काही संपेना. वाकूनच राहिलो. तेवढ्यात समोर बसलेल्या, अणशी गावाकडून आलेल्या बायांमधून अक्का ओरडली,

“बांध आला गे पोरींनो! चांगली झाली लावणी. या आता जेवाय!”

कंबर धरून आम्ही उठलो आणि खरंच निघालो.