खडू लावल्याशिवाय किल्ली नाही

मोठे टायर बसवले की मिस्त्री आधी खिशातला खडू काढायचे. टायरच्या कडांना तो गोल फिरवून घासायचे आणि गाडीवाल्याला स्टेअरिंग पार डावीकडे, मग पार उजवीकडे वळवायला लावायचे. मग वाकून मडगार्डच्या आत बॅटरी मारायची. आत जिथे पांढरं उमटलं, तिथे टायर घासणार. "खडू खोटा बोलणा नाय," एवढं बोलून ते हात झटकायचे.

विक्रोळीला हायवेलगत आमचं टायरचं दुकान आहे. तुमच्यापैकी कुणी तिथे हवा भरली असेल तर कानावर पेन्सिल खोचलेला तो कोकणी म्हातारा, म्हणजे आमचे मिस्त्री, तुम्हाला आठवेल. मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, बाविसाव्या वर्षी इथे कामाला लागलो. चाकं सरळ रेषेत आणायच्या अलाइनमेंटच्या मशीनवरचे आकडे मला कळेनात, तेव्हा बाकीचे हसले. मिस्त्री म्हणाले, "आकडे येतील रे. आधी दोन बोटांनी गाडी धरूक शिक."

हायवेवर नेऊन त्यांनीच दाखवलं. मोठ्या टायरांची जीप जागच्या जागी वळवताना दंड भरून येतात, आणि वेगात तीच भरकटते, रस्त्यातल्या प्रत्येक चरीमागे ओढ घेते. काटा सत्तर दाखवतो, गाडी त्याहून जोरात पळत असते. ब्रेक दाबल्यावर थांबतेही उशिरा. माझ्या घरी आज चूल पेटते ती या शिकवणीवर. म्हणूनच पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं.

मुलुंडचा एक तरणा माणूस नवी जीप घेऊन आला. त्याला टायर हवे होते ते गाडीला झेपतील त्याहून दोन मापं मोठे. टायर बसले, खडू लागला. पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकच्या नळीवर पांढरी रेघ उमटली. मिस्त्री म्हणाले, हे टायर काढा, नाहीतर गाडी वर उचलून नळी बाजूला घ्यायला हवी, दोन दिवस लागतील.

"काका, रीलमध्ये सगळे हेच लावतात."

"रीलमध्ये ब्रेक दाबावा लागत नाही."

त्याला दुपारीच इगतपुरीला निघायचं होतं. दुकानाचे मालक, शेठ, बाहेर आले. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणाले, गाडीची किल्ली द्या म्हणाले. मिस्त्रींनी किल्ली खिशात घातली आणि स्टुलावर बसून राहिले. शेठने त्यांना चारचौघांत म्हातारचळ लागलाय म्हटलं, उद्यापासून येऊ नका म्हटलं. बावीस वर्षं ज्याच्या बोटांवर दुकान चाललं, त्याला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पूस तो खडू."

मी पुसला. नोकरी जाईल या भीतीने फडकं घेऊन वाकलो आणि नळीवरची रेघ पुसली. मिस्त्री उठले, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि चपला घालून निघून गेले. मी ती जीपवाल्याला दिली. शेठवर मला राग आहेच, त्या जीपवाल्यावरही आहे. पण फडकं धरलेला हात माझा होता.

तिसऱ्या दिवशी जीप दुसऱ्या गाडीमागे टोचनवर ओढत आली. घाटात वळणावर नळी फाटली, ब्रेक गेला, गाडी कठड्यावर घासून थांबली. माणूस वाचला. शेठ म्हणाले, "घाटातले रस्तेच खराब."

मी मिस्त्रींच्या खोलीवर गेलो. ते सामान बांधत होते, गावी निघाले होते. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. पण नळी फाटल्याचं तेवढं सांगितलं. त्यांनी विचारलं, "माणूस बरा आहे ना?" मी मान हलवली. त्यांनी शर्टाच्या खिशातून झिजलेला खडू काढून माझ्या हातावर ठेवला. "आता पुसू नको."

परवा एक मोठ्या टायरांची गाडी आली. शेठ आतून ओरडले, "अरे, किती वेळ?" मी मडगार्डखाली वाकलो होतो, किल्ली माझ्या खिशात होती. बॅटरी मारून आत कुठे पांढरं उमटलंय ते बघत राहिलो.